जिथल्या तिथे

४ ऑक्टोबर

गाडीरस्ता संपतो तिथून दोन तास चालत वर आले. सामान खेचरांवर, आम्ही पायी. प्रॉडक्शनवाला म्हणाला होता, ताई, अर्धाच तास. ह्या माणसाचा अर्धा तास मला कितीतरी सिनेमांपासून ठाऊक आहे, तरी दर वेळी फसते. गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली आहे.

गाव म्हणजे उताराला धरून बसलेली बावीस-तेवीस घरं. माझी राहायची सोय ज्या घरात आहे तिथेच बरंचसं शूटिंग होणार, म्हणजे मी सेटवरच झोपणार. घराच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणते. पासष्टीच्या असतील. एकट्या राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेर छपराखाली लाकडांची रास.

सिनेमात काय आहे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, शहरातली एक बाई संसार सोडून अशा एका गावात येते आणि तिला स्वतःचा शोध लागतो. मावशी म्हणाल्या, "मग लाकडं कोण फोडतं?" म्हटलं, लाकडं फोडायचा सीन नाही. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. दिग्दर्शकाला हा प्रश्न सांगितला नाही. वयाने माझ्या मुलाएवढा आहे आणि पहिलाच सिनेमा आहे, उगाच खचायचा.

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा कधी ओळीने काढत नाहीत. बाई दारात शिरते तो शॉट आज, आणि दारातून आत आली की पुढचा शॉट तीन आठवड्यांनी. मध्ये शाल उजव्या खांद्यावरून डाव्यावर गेली की पडद्यावर चोरी पकडली जाते. तेव्हा काय कुठे होतं ते टिपून ठेवायचं आणि कुणी हलवलं की ओरडायचं. तीस वर्षं मी ह्यावरच पोट भरते आहे.

पहिल्याच दिवशी मावशींवर ओरडायची वेळ आली. म्हणजे ओरडले नाही, हात जोडले. पश्चिमेकडच्या भिंतीचा चुना उडालाय, पावसाचे काळे ओघळ उतरलेत. दिग्दर्शक त्या भिंतीवर फिदा आहे. आणि मावशी पिंपात चुना कालवून, कुंचा हातात घेऊन तिच्यासमोर उभ्या. म्हणाल्या, थंडी पडायच्या आत चुना लागला पाहिजे. एकदा पाणी गोठायला लागलं की चुना भिंत धरत नाही, मग हिवाळाभर ओल आत येते. म्हटलं, चौदा तारखेला ह्या भिंतीचं आमचं काम संपतं, तोवर थांबा. त्यांनी विचारलं, शब्द देता का. मी दिला.

५ ऑक्टोबर

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथे जाऊन पोचल्याचं मुलाला कळवलं. सूनबाईचा मेसेज आला होता, आई जेवलात का. रोज हेच विचारते. मुलगी वाईट नाही, पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी असतं आणि ती जेवणापासून सुरुवात करते, असा माझा अंदाज आहे.

झाडांना पाणी घालायला घराची किल्ली मुलाकडे दिली आहे. ह्यांच्या खोलीत जायचं नाही, हे पुन्हा एकदा बजावलं. तो "हो आई" म्हणाला. पूर्वी "का" म्हणायचा.

८ ऑक्टोबर

नायिका दर टेकला चहाचा कप वेगळ्या हाताने उचलते. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली आणि दिग्दर्शक म्हणाला, ताई, आत्ता भावना महत्त्वाची. असेल. भावना डाव्या हातात आणि कप उजव्या हातात, हे मात्र लोकांना दिसेल.

जेवताना मी जाऊन बसले की मंडळींच्या गप्पा जरा सरळ होतात, शाळेत बाई वर्गात आल्यावर होतात तशा. कुणी मुद्दाम करत नाही. मी लवकर जेवून उठते. आज मावशींच्या स्वयंपाकघरात चुलीशी बसले. त्या बोलत नाहीत, मीही नाही. बरं वाटलं.

११ ऑक्टोबर

कालपासून धुकं. दहा पावलांवरचं दिसत नाही. शूटिंग बंद.

टाकीपाशी मुलाचा फोन आला. त्याच्या घरमालकाला जागा हवी आहे, महिनाअखेर सोडायची. आता दोन पर्याय आहेत. एक म्हणजे त्याला दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बदली मिळते आहे, तिथे राहायला जागाही मिळेल. दुसरा म्हणजे दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. सूनबाईला दिवस गेले आहेत. चौथा महिना. हे त्याने बदलीच्या मागे, हळूच सांगितलं. म्हणाला, "आई, आम्हाला तुझ्याकडेच यायचंय. पण बाबांची खोली मोकळी केली तरच जमेल. पंचवीस तारखेला मला ऑफिसात होय-नाही सांगायचंय."

मी म्हटलं, बघू. मग म्हटलं, हॉलमध्ये पडदा लावून नाही का जमणार? पलीकडे सूनबाईने काहीतरी विचारलं आणि त्याने फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. अभिनंदन करायचं राहिलं, हे टाकीवरून निम्मी खाली आल्यावर लक्षात आलं. परत गेले तर रेंज नव्हती.

१२ ऑक्टोबर

धुकं. नोंदवह्या नीट लावल्या. पेन्सिली तासल्या.

१४ ऑक्टोबर

भिंतीचा सीन आज व्हायचा होता. नायिकेचा पाय मुरगळला. वेळापत्रक पुढे ढकललं, नवी तारीख वीस.

मावशींना सांगायला गेले तर त्या पिंपावरचं फडकं काढून चुना ढवळत होत्या. चुना वाळू नये म्हणून रोज ढवळतात. तारीख सांगितली. त्यांनी फडकं परत झाकलं आणि वर दगड ठेवला.

१५ ऑक्टोबर

आज वहीत घरचं लिहिते, कारण डोक्यातून जात नाही.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. बुधवारी दुपारी गेले. मी शूटिंगवर होते, गुरुवारी परतायचंच होतं, तर बातमी आली. पोचायला मला रात्र उलटून सकाळ झाली. आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं आणि ह्यांना आंघोळ घालून हॉलमध्ये ठेवलेलं. मी कुणाला काही विचारलं नाही. ह्यांच्या खोलीत गेले आणि सवयीने बघितलं.

टेबलावर रहस्यकथेचं पुस्तक, एकशे बाराव्या पानावर उघडून पालथं ठेवलेलं. शेजारी घडी केलेला चष्मा. कपात दोन घोट चहा. खुर्ची टेबलापासून सरकवून खिडकीकडे तिरपी केलेली. ह्यावरून सगळं कळतं. जेवण झाल्यावर चहा घेतला, वाचत बसले, मग डोळे दुखले म्हणून चष्मा काढला आणि खुर्ची वळवून रस्त्याकडे बघत बसले. मी येणार होते ना. त्या दुपारचा सीन कुणी मागितला तर मी आत्ता लिहून देईन.

तेव्हापासून खोली तशीच आहे. धूळ मीच पुसते, वस्तू उचलून, खाली खडूने खूण करून. ते एकशे बारावं पान मला पाठ आहे. एका माणसाची गाडी चुकते, एवढंच आहे त्यात. पण मी त्यात पुष्कळ वाचलं आहे.

मुलगा त्या दिवशी घरी होता. त्याला मी कधी काही विचारलं नाही. विचारायचं काय, खोली सांगतेच आहे. आणि त्याने सांगितलंच तर "तू नव्हतीस" हे शब्द कुठेतरी येणार. ते मला ऐकायचे नाहीत. झालं, लिहून टाकलं.

१९ ऑक्टोबर

सूनबाईचा मेसेज: आई, थंडी फार आहे का तिकडे? उत्तर दिलं, आहे.

मावशींनी आज आपण होऊन विचारलं, घरी कोण असतं. म्हटलं, कुणी नाही, हे गेले. त्यांनी विचारलं, मुलं? म्हटलं, एक मुलगा आहे, तो राहायला येतो म्हणतोय, पण जागेची अडचण आहे. किती खोल्या, त्यांनी विचारलं. तीन, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं. तीन खोल्यांचं घर लहान कसं असतं हे खेड्यातल्या माणसांना कळत नाही.

२० ऑक्टोबर

भिंतीचा सीन झाला, पण दिग्दर्शकाला इतका आवडला की आता सिनेमाचा शेवटही त्याच भिंतीपाशी घ्यायचाय. नायिका ओघळांना पाठ टेकून बसते आणि हसते, म्हणजे शोध लागला. त्यासाठी विशिष्ट ऊन हवं, ते सत्तावीसला मिळेल. तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही. मला म्हणाला, ताई, मावशींना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात.

सांगितलं. म्हटलं, मावशी, फक्त सात दिवस. त्या पहिल्यांदाच काम थांबवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही भिंत बाहेरून बघता. मी आतल्या बाजूला झोपते."

मग आत नेऊन दाखवलं. त्यांची खाट त्याच भिंतीला लागून आहे. गेल्या वर्षी जुना चुना उडायला लागला, नवा लावणं एकटीने जमलं नाही, तर पूर्ण हिवाळा अंथरूण ओलं, शेवटी चुलीसमोर जमिनीवर झोपल्या. हात लावून बघायला सांगितलं. लावला. गार आणि बुळबुळीत. पंधरा दिवस ह्या घरात राहतेय आणि त्या भिंतीचे शंभरेक फोटो काढलेत मी. आतून एकही नाही.

तरी मी पुन्हा म्हटलं, सत्तावीस. काम ते काम.

२१ ऑक्टोबर

सकाळी बाहेरच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता. बोट लावलं की मोडेल एवढाच. मावशींनी बघितला, मी बघितला.

दिवसभर चुका केल्या. नायिकेच्या शालीची गाठ टिपायची राहिली. कॅमेरामनने हसून विचारलं, ताई, तुम्हीसुद्धा? जिव्हारी लागलं.

२२ ऑक्टोबर

हात चुन्याने फुटलेत, पेन्सिल नीट धरवत नाही.

आज मंडळी वरच्या कुरणावर शूटिंगला जायची होती. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. शाळा सोडल्यापासून अशी थाप मारली नव्हती. सगळे दिसेनासे झाल्यावर पिंपावरचा दगड काढला आणि मावशींना म्हटलं, ऊन चांगलं आहे, दुपारपर्यंत पहिला हात होईल. त्यांनी विचारलं, "तुमच्या साहेबांचं काय?" म्हटलं, शब्द तुम्हाला दिला होता, त्यांना नाही.

हे बोलताना फार धीट वाटलं. कुंचा हातात घेतल्यावर तो धीटपणा संपला. प्रत्येक ओघळ मला तोंडपाठ होता. खिडकीखालचा फाट्यासारखा, दाराजवळचा सुतासारखा, मधला मोठा. वहीत सगळ्यांची मापं आहेत. पहिल्या फटकाऱ्यात मधला अर्धा गेला आणि मला भीती वाटली, खरोखरची, आपण कुणाला तरी मारतो आहोत अशी. दोन वीत भिंत झाल्यावर ती ओसरली. मग नुसतं काम होतं. खांदे भरून आले. मावशी मला शिकवत होत्या, वरून खाली, मग आडवा, थांबू नको, सुकतं. "बाई"वरून एकेरीवर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

मावशींनी मध्येच म्हटलं, "नवऱ्याने लावलेला शेवटचा चुना होता हा." सहा वर्षांपूर्वीचा. माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "चांगला टिकला." आणि कुंचा बुडवला.

दुसरा हात उद्या.

२३ ऑक्टोबर

काल मंडळी अंधार पडल्यावर परतली, भिंत दिग्दर्शकाने आज सकाळी बघितली. त्याने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. तो लाकडांच्या राशीवर जाऊन बसला, डोकं हातात धरून. मावशींचा काही दोष नाही, मी केलं, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो." पोरगा वाईट नाही. त्याचा शेवट मी पुसला हे खरंच आहे.

संध्याकाळी प्रॉडक्शनवाल्याने मान खाली घालून सांगितलं की परवा खेचरं खाली जाणार आहेत, माझं सामान त्यांच्याबरोबर. राहिलेलं काम सहायक बघेल. नोंदवह्या त्याच्या हवाली केल्या. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, एवढं सगळं? मग म्हणाला, शेवट धाकट्या टेकाडावर घेतील बहुतेक, नुसतं आकाश मागे. आकाशाची कंटिन्युइटी कोण सांभाळणार, असं माझ्या तोंडाशी आलं होतं.

तीस वर्षांत पहिल्यांदा काढून टाकलं मला. जेवायला गेले नाही. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. इथे माझं कुणी नाही, हे मात्र आज लख्ख कळलं. घरीही नाही. उद्या फोन करायचा.

२४ ऑक्टोबर

सकाळीच टाकीपाशी गेले. सगळं ठरवून गेले होते. मुलाला म्हटलं, या. दोघं, म्हणजे तिघं, या. आणि सूनबाईला सांग, माझ्याकडून त्या दिवशी तिचं अभिनंदन करायचं राहिलं. तो म्हणाला, खरंच ना?

म्हटलं, खरंच. फक्त एक काम कर. खोली मोकळी करण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढ, जिथल्या तिथे, आधी लांबून मग जवळून. तो तिथेच होता, झाडांना पाणी घालायला आला होता. आत गेला. फोन कानालाच होता, त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. म्हटलं, टेबल आधी. पुस्तक पालथं आहे ते सरळ करू नकोस, एकशे बारावं पान जाईल.

तो म्हणाला, "आई, हे पुस्तक मी वाचत होतो."

मला कळलंच नाही. त्याने परत सांगितलं. रात्रभर बाबांपाशी बसायचं होतं, तू पोचेपर्यंत. शेल्फवरून हाताला लागलं ते काढलं. शेजारच्या काकूंनी चहा आणून दिला, तो संपला नाही. चष्मा मीच बाबांच्या डोळ्यांवरून काढला. खुर्ची डॉक्टरांनी ओढली असेल, खिडकीखालच्या पलंगाजवळ बसायला. मग म्हणाला, तू चौदा महिने हे जपत होतीस, हे मला माहीत होतं, पण बाबांनीच असं ठेवलं होतं असं समजून जपतेस हे माहीत नव्हतं. त्या रात्रीची आठवण म्हणून ठेवलंस असं वाटायचं.

मी टाकीच्या कठड्यावर बसले. मग चौदा महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. बाबा कुठे होते?

"स्वयंपाकघरात. तू गुरुवारी येणार म्हणून सकाळपासून फळीवरचे डबे उतरवून पुसत होते. मी म्हटलं, बाई येईल ना उद्या कामाला, तर म्हणाले, तिला सरप्राइज. सगळे पुसून परत लावून झाले. मग स्टुलावर बसले, म्हणाले, जरा पाणी दे. मी पाणी घेऊन वळलो, तेवढंच." मग म्हणाला, "तू असतीस तरी तेवढंच झालं असतं, आई."

हे वाक्य चौदा महिने त्याच्याकडे होतं. मीच त्याला बोलू दिलं नाही.

फोन ठेवला. मला ते डबे आठवले. त्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं, चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेले. साखर जागेवर नव्हती. फळीवर सगळे डबे वेगळ्याच क्रमाने लागले होते, लहान पुढे, मोठे मागे, ओळीने, उंचीप्रमाणे. मी चिडले होते. अशा दिवशी कुणी हे उद्योग केले, असं म्हणालेसुद्धा. कुणी उत्तर दिलं नाही. चहा उकळेपर्यंत मी सगळे पुन्हा माझ्या पद्धतीने लावले. पाच मिनिटंही लागली नसतील.

खाली येऊन वहीचं कोरं पान काढलं आणि ती फळी लिहायला बसले. साखर खिडकीच्या टोकाला, एवढं नक्की. तिच्यामागे तांदूळ असावा. पुढचं येत नाही. सकाळपासून प्रयत्न करते आहे. मी ती फळी बघितलीच नव्हती, नुसती दुरुस्त केली होती.